ठाणे-नवी मुंबईच्या हवेत आफ्रिकन व्हायोलेट : घरातल्या कुंडीसाठी नवख्यांना मार्गदर्शन

ज्यांच्या घरात थेट ऊन येत नाही, ज्यांची खिडकी समोरच्या इमारतीकडे उघडते आणि ज्यांना तरीही वर्षातले बरेच महिने फुले पाहायची आहेत, त्यांनी आफ्रिकन व्हायोलेट जरूर लावावे. थेट उन्हाविना नियमित फुलणारी झाडे फार थोडी आहेत, आणि त्यांपैकी खिडकीच्या कट्ट्यावर मावणारे, कुत्र्यामांजरांना विषारी नसलेले आणि एका पानापासून नवे रोप देणारे हे एक झाड. अडचण एवढीच की या झाडाविषयीचे बहुतेक मार्गदर्शन थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेले असते. तिथे अंधाराचा ऋतू हिवाळा असतो आणि झाडाला थंडीपासून जपावे लागते. आपल्याकडे अंधाराचा ऋतू पावसाळा आहे, आणि तो उबदार व दमट असतो. त्या देशांचे वेळापत्रक जसेच्या तसे पाळले, तर उन्हाळ्यात तग धरलेले रोप जुलै-ऑगस्टमध्ये बुडापासून कुजते. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या ठाणे-नवी मुंबईच्या वर्षाप्रमाणे मांडल्या आहेत.

झाडाचे मूळ घर समजले की त्याच्या बऱ्याचशा गरजा आपोआप समजतात. हे झाड पूर्व आफ्रिकेतले, आजच्या टांझानिया आणि केनियाच्या डोंगराळ जंगलांतले आहे. त्या भागातले जर्मन अधिकारी वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर यांना ते १८९२ मध्ये उसांबारा डोंगरांच्या परिसरात आढळले. त्यांच्याकडून ते जर्मनीत पोहोचले आणि १८९३ मध्ये हर्मान वेन्डलांड या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला सेंटपॉलिया आयोनॅन्था हे नाव दिले. २०१५ मध्ये या गटाचा समावेश स्ट्रेप्टोकार्पस या प्रजातीत करण्यात आला, त्यामुळे लेबलवर दोन्हीपैकी कोणतेही नाव दिसले तरी गोंधळून जाऊ नये. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात सावलीतल्या ओल्या कातळावर उगवणारी ऱ्हिंकोग्लॉसम ही वनस्पती याच कुळातली आहे. आफ्रिकन व्हायोलेटही मुळात असेच, खडकांच्या फटींत साठलेल्या पालापाचोळ्याच्या पातळ थरावर, झाडांच्या सावलीत वाढते. तिथे पाणी येते आणि लगेच ओघळून जाते. त्याची मुळे केसासारखी बारीक आणि उथळ असतात, आणि त्यांना ओलाव्याइतकीच हवाही लागते. कुंडी, माती, पाणी आणि ऋतू यांविषयी पुढे जे काही सांगितले आहे, त्याचे कारण बहुतेक ठिकाणी हेच आहे.

१. सुरुवात नोव्हेंबरमध्ये करा

पहिले रोप नोव्हेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत घरी आणावे. या झाडाला १८ ते २६ अंश सेल्सिअस तापमान सर्वांत मानवते, आणि आपल्याकडच्या घरांत त्याच्या जवळपासचे तापमान पंखा किंवा वातानुकूलन यंत्राशिवाय याच काळात मिळते. नव्या जागी रुळायला रोपाला काही आठवडे लागतात. नोव्हेंबरमध्ये आणलेल्या रोपाला मार्चचा उकाडा सुरू होण्याआधी मुळे धरायला पुरेसा अवधी मिळतो, तर एप्रिल-मेमध्ये आणलेले रोप रुळण्याआधीच आधी उष्णता आणि मग पाऊस या दोन्हींना तोंड देते. रोपवाटिकेत मे महिन्यात फुलांनी भरलेले रोप दिसले तरी मोह आवरावा, कारण अशी रोपे बहुधा थंड हवेच्या भागातल्या पॉलिहाउसमधून आलेली असतात.

घोडबंदर रस्त्यालगत रोपवाटिका बऱ्याच आहेत, आणि हिवाळ्यात तिथे चौकशी केल्यास हे रोप मिळण्याची शक्यता चांगली असते. ऑनलाइनही रोपे आणि सुटी पाने मिळतात. नवख्यांनी मात्र पहिले रोप प्रत्यक्ष पाहून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. घेताना फुलांची संख्या पाहू नये, मध्यभाग पाहावा. मधली कोवळी पाने सुटी, ताजी आणि मऊ हवीत. ती एकमेकांत घट्ट गुंतलेली, राखाडी आणि ठिसूळ असतील, तर सूक्ष्म कोळी किडीची शंका घ्यावी आणि ते रोप तिथेच ठेवावे. खालची पाने हलकेच उचलून खोड दाबून पाहावे, ते कडक लागले पाहिजे. पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे ठिपके दिसले, तर ती पिठ्या ढेकूण ही कीड आहे.

घरी आणलेले रोप तीन ते चार आठवडे इतर कुंड्यांपासून दूर, शक्य असल्यास दुसऱ्या खोलीत ठेवावे. या काळात उमललेली फुले गळतील आणि काही कळ्या न उमलताच सुकतील. जागा बदलल्याचा तो परिणाम असतो. त्यावर उपाय म्हणून जास्त पाणी किंवा खत देणे ही नवख्यांच्या हातून घडणारी पहिली मोठी चूक असते.

२. लागणारे साहित्य

- ३ ते ४ इंच व्यासाची, बुडाला भोके असलेली प्लास्टिकची कुंडी. पूर्ण वाढलेल्या रोपाच्या घेराच्या एक-तृतीयांश व्यास हे माप लक्षात ठेवावे.
- कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) आणि व्हर्मिक्युलाइट (फुगवलेल्या खनिजाचे पाणी धरणारे तुकडे). तिन्ही वस्तू बागकामाच्या दुकानात किंवा ऑनलाइन लहान पिशव्यांत मिळतात.
- पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ किंवा २०:२०:२० खत (नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेले).
- मऊ ब्रश, धारदार ब्लेड, कापसाचे बोळे आणि सर्जिकल स्पिरिट.
- वातीच्या पद्धतीने पाणी द्यायचे असल्यास ॲक्रिलिक लोकरीचा दोरा आणि झाकणाचा अपारदर्शक डबा. श्रीखंडाचा किंवा आइस्क्रीमचा रिकामा डबा यासाठी उत्तम.
- खिडकीचा प्रकाश अपुरा असल्यास २० वॅटची पांढऱ्या प्रकाशाची एलईडी ट्यूब आणि प्लगला लावायचा टायमर.

सिरॅमिकच्या शोभेच्या कुंड्या, पाने चमकवण्याचे फवारे आणि दमटपणासाठी फवारणीची बाटली यांवर खर्च करू नये. आपल्या हवेत दमटपणा मुळातच पुरेसा असतो. शिवाय लवदार पानांवर रोज पाणी फवारले तर डाग आणि बुरशी यांनाच निमंत्रण मिळते.

३. जागा आणि प्रकाश

या झाडाला भरपूर प्रकाश हवा, पण कडक ऊन नको. त्याची परीक्षा सोपी आहे. दुपारी पानांच्या वर साधारण एक फुटावर हात धरावा. सावली दिसली पण तिच्या कडा अस्पष्ट असल्या, तर जागा योग्य आहे. सावली काळीभोर आणि रेखीव पडली तर प्रकाश जास्त, आणि मुळीच पडली नाही तर कमी.

पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. सकाळी आठ-साडेआठपर्यंतचे कोवळे ऊन रोपाला चालते, त्यानंतर पातळ पडदा ओढावा. पश्चिमेची खिडकी मार्चपासून जूनपर्यंत धोक्याची असते. तिथली काच दुपारी तापते आणि काचेजवळची पाने भाजल्यासारखी तपकिरी पडतात, म्हणून या काळात कुंडी खिडकीपासून दोन-तीन फूट आत घ्यावी. दक्षिणेच्या खिडकीत डिसेंबर-जानेवारीत सूर्य खाली उतरलेला असल्याने ऊन खोलीत बरेच आतवर येते, तर उन्हाळ्यात तीच खिडकी सावलीत असते.

उत्तरेच्या खिडकीविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण इथे परदेशी मार्गदर्शन हमखास दिशाभूल करते. तिकडे उत्तरेच्या खिडकीत ऊन क्वचितच येते असे गृहीत धरलेले असते. ठाणे आणि नवी मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहेत, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मध्यान्हीही आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि त्याच्या आधी व नंतरच्या काही आठवड्यांत सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तरेकडून आत शिरते. आकाश निरभ्र असलेल्या मे महिन्यात या खिडकीतली रोपे अचानक पिवळी पडू लागली, तर कारण बहुधा हेच असते. कुंडी थोडी आत सरकवली की काम भागते.

प्रकाश कमी पडल्याची खूण म्हणजे देठ लांबतात, पाने वर उचलली जातात आणि फुले थांबतात. जास्त झाल्याची खूण म्हणजे पाने फिकट पडतात, कुंडीच्या कडेला चिकटल्यासारखी खाली वळतात आणि मधली पाने आखूड, गच्च होतात. दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवावी, म्हणजे पाने सर्व बाजूंनी सारखी पसरतात.

तळमजल्यावरची घरे, सिडकोच्या जुन्या इमारतींतल्या छज्जाखालच्या खिडक्या आणि दोन टॉवरांमधली अरुंद जागा यांत नैसर्गिक प्रकाश अनेकदा पुरत नाही. तिथे एलईडी ट्यूब पानांपासून ९ ते १२ इंच उंचीवर लावून ती रोज १० ते १२ तास चालू ठेवावी. २० वॅटची एक ट्यूब दहा तास चालली तर दिवसाला ०.२ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण सहा युनिट वीज लागते. रात्री किमान आठ तासांचा अंधार मात्र आवश्यक आहे. टायमर लावल्यास ही शिस्त आपोआप पाळली जाते, विशेषतः रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असणाऱ्या हॉलमध्ये.

४. माती, खरे तर मातीविना मिश्रण

बागेतली लाल माती आणि शेणखत हे आपले नेहमीचे मिश्रण इतर झाडांसाठी चांगले असले, तरी या झाडासाठी ते घातक आहे. लहान कुंडीत लाल माती दोन-तीन महिन्यांत घट्ट बसते, तिच्यातली हवा निघून जाते आणि बारीक मुळे गुदमरतात.

एक भाग कोकोपीट, एक भाग परलाइट आणि एक भाग व्हर्मिक्युलाइट हे मूळ मिश्रण घ्यावे. आपल्या दमट हवेसाठी मी यात परलाइटचे प्रमाण वाढवण्याचा आग्रह धरीन. एकूण मिश्रणात निम्मे परलाइट आणि उरलेल्या निम्म्यात कोकोपीट व व्हर्मिक्युलाइट सारखे, असे घेतल्यास पावसाळा बराच सुसह्य होतो. वातीने पाणी द्यायचे असेल तर हे निम्म्याचे प्रमाण अनिवार्य समजावे.

कोकोपीटच्या विटेत क्षार बरेच असू शकतात. वीट भिजवून फुगल्यावर ती दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यात धुऊन, जुन्या सुती कापडातून पिळून घ्यावी. हे काम कंटाळवाणे वाटून पुष्कळ जण टाळतात आणि नंतर पानांच्या कडा का करपतात याचा शोध घेत बसतात. परलाइट हाताळताना ते आधी थोडे ओले करावे आणि नाकावर रुमाल बांधावा, कारण त्याची धूळ श्वासात जाणे चांगले नाही.

५. कुंडीत लावणे

रोपवाटिकेतले रोप बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये असते आणि त्याच्या मुळांभोवती कधी कधी बारीक जाळीची पिशवी असते. वेगळे ठेवण्याचा काळ संपला की रोप बाहेर काढून ही जाळी कात्रीने अलगद कापून टाकावी. ती तशीच राहिली, तर मुळांजवळचा गाभा सतत ओला राहतो आणि बाहेरचे नवे मिश्रण मात्र कोरडे दिसते, त्यामुळे पाण्याचा अंदाज कायम चुकतो.

जुने कोकोपीट जेवढे सहज निघेल तेवढे झटकावे, तपकिरी मऊ मुळे कापावीत आणि पांढरी मुळे राखावीत. सर्वांत खालची पाने कुंडीच्या कडेला टेकतील इतक्या उंचीवर रोप बसवावे. मिश्रण बोटांनी दाबू नये, कुंडी दोनदा हलकेच आपटली की ते स्वतःच बसते. रोपाचा मधला गाभा मिश्रणात पुरला जाणार नाही याची काळजी घ्यावी.

मोठ्या कुंडीचा मोह टाळणे फार महत्त्वाचे आहे. सहा इंची कुंडीत झाड मोठे होईल असे वाटते, पण प्रत्यक्षात मुळे न पोहोचलेल्या भागात पाणी साचून राहते आणि तिथून कूज सुरू होते. मुळांनी कुंडी जवळजवळ भरली की हे झाड चांगले फुलते.

६. पाणी

आफ्रिकन व्हायोलेट मरण्याचे सर्वांत मोठे कारण जास्त पाणी हे आहे. वरचा अर्धा इंच थर बोटाला कोरडा लागला आणि कुंडी उचलल्यावर हलकी वाटली, तरच पाणी द्यावे. वजनाचा अंदाज दोन-तीन आठवड्यांत हाताला येतो, आणि तो आला की दुसऱ्या कोणत्याही साधनाची गरज राहत नाही. अमुक वारी पाणी असे वेळापत्रक करू नये. जानेवारीत चार-पाच दिवसांनी पाणी लागणाऱ्या त्याच कुंडीला संततधारेच्या आठवड्यात दहा-बारा दिवसही लागत नाही.

नवख्यांसाठी खालून पाणी देण्याची पद्धत सोयीची आहे. बशीत पाणी घेऊन कुंडी त्यात वीस ते तीस मिनिटे ठेवावी, मग उचलून निथळू द्यावी आणि बशी कोरडी करावी. बशीत पाणी तसेच ठेवणे टाळलेच पाहिजे. वरून पाणी द्यायला हरकत नाही, फक्त ते पानांच्या मध्यभागी साचता कामा नये. साचलेच तर कापसाने टिपून घ्यावे.

पाणी खोलीच्या तापमानाचे हवे. थंड पाण्याचे थेंब पानावर पडले की तिथल्या पेशी मरतात आणि पिवळसर वलये कायमची उमटतात. आपल्याकडे याची दुसरी बाजूही सांभाळावी लागते : एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारे पाणी चांगलेच गरम असते. बादलीभर पाणी रात्री भरून झाकून ठेवावे आणि सकाळी वापरावे. महापालिकेचे नळाचे पाणी साधारणपणे या झाडाला चालते. जिथे सोसायटीत टँकरचे किंवा कूपनलिकेचे पाणी मिसळले जाते आणि नळांवर पांढरा थर जमतो, तिथे मात्र घरातल्या शुद्धीकरण यंत्राचे पाणी किंवा पावसाचे स्वच्छ साठवलेले पाणी द्यावे.

वातीची पद्धत सुट्टीत गावी जाणाऱ्यांना उपयोगी पडते. ॲक्रिलिक दोऱ्याचे एक टोक कुंडीच्या भोकातून मिश्रणाच्या मध्यापर्यंत न्यावे आणि दुसरे खालच्या डब्यातल्या पाण्यात सोडावे. कुंडी डब्याच्या झाकणावर बसते आणि दोरा पाणी वर ओढत राहतो. सुती दोरा वापरू नये, तो काही आठवड्यांत कुजतो. डब्याला झाकण हवेच आणि दोऱ्याचे भोक दोऱ्याइतकेच बारीक असावे, कारण साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारे डास अंडी घालतात. दर आठवड्याला डबा पूर्ण रिकामा करून, आतून पुसून पुन्हा भरावा. पावसाळ्यात वात काढून टाकणे मला अधिक सुरक्षित वाटते.

७. खत आणि निगा

चार लिटर पाण्यात पाव चहाचा चमचा १९:१९:१९ हे पुरेसे आहे, आणि वातीच्या डब्यासाठी त्याच्या निम्मे. ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत दर पाण्याबरोबर हे सौम्य खत द्यावे. कुंडीच्या कडेवर किंवा देठांवर पांढरा-नारिंगी थर दिसू लागला, तर क्षार साचले आहेत असे समजून कुंडीतून भरपूर साधे पाणी जाऊ द्यावे. महिन्यातून एकदा असे धुणे तसेही चांगले.

सुकलेली फुले आणि पिवळी पाने वेळीच काढावीत. पानांच्या बगलेतून नवे लहान रोप फुटू लागले, तर ते चार पानांचे होण्याआधी टोकदार काडीने काढावे, अन्यथा एका कुंडीत दोन-तीन मध्यभाग तयार होतात, आकार बिघडतो आणि फुले कमी होतात. आपल्या भागातल्या बांधकामांची धूळ लवदार पानांवर चटकन बसते. ती कोरड्या मऊ ब्रशने, देठाकडून टोकाकडे झाडावी.

फुले नव्या पानांच्या बगलेतून येतात, म्हणून खालची पाने कालांतराने काढावी लागतात आणि खोड मानेसारखे उघडे पडते. वर्षातून एकदा, नोव्हेंबरमध्ये, रोप बाहेर काढून उघड्या खोडाच्या लांबीइतका मुळांचा तळ कापावा, खोडावरची वाळलेली साल हलकेच खरवडावी आणि मान मिश्रणात जाईल इतके खाली रोप बसवावे. त्या खोडातून नवी मुळे फुटतात. मिश्रणही याच वेळी पूर्ण बदलावे.

८. वर्षाचे वेळापत्रक

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा वाढीचा आणि फुलांचा काळ. कुंडी बदलणे, पाने लावणे, खत देणे ही सगळी कामे याच काळात करावीत.

मार्च ते मे या काळात खत निम्म्यावर आणावे. खोलीचे तापमान ३० अंशांच्या वर गेले की फुले कमी होतात आणि येणारी फुले लहान राहतात, हे स्वाभाविक आहे. वातानुकूलित खोलीत रोप ठेवता येते, पण थंड हवेचा झोत थेट त्यावर येऊ देऊ नये. उष्णता फारच वाढली तर कळ्या खुडून टाकाव्यात, म्हणजे रोपाची शक्ती वाचते.

जून ते सप्टेंबर हा कसोटीचा काळ. खत बंद करावे आणि पाणी निम्म्याहून कमी करावे. पावसाची झड आत येणाऱ्या ग्रिलमध्ये कुंडी ठेवू नये. दोन रोपांच्या पानांत बोटभर अंतर असावे आणि खोलीत पंखा मंद फिरत राहावा, कारण थांबलेली दमट हवा कूज आणि बुरशी वाढवते. ढगाळ आठवड्यांत एलईडी ट्यूब लावल्यास मिश्रणही लवकर वाळते, म्हणून खिडकीचा प्रकाश चांगला असणाऱ्यांनीही निदान पावसाळ्यापुरती ती वापरावी.

ऑक्टोबरमध्ये ऊन पुन्हा कडक होते. चार महिने मंद प्रकाशात राहिलेली पाने ते सहन करू शकत नाहीत, म्हणून पहिले दोन-तीन आठवडे पडदा ओढून ठेवावा.

९. रोप लोळले तर

हा भाग नीट वाचावा, कारण बहुतेक रोपे इथेच हातची जातात. सगळी पाने एकाएकी मलूल होऊन कुंडीच्या कडेवर लोळली, तर आधी मिश्रणाला बोट लावून पाहावे. ते कोरडे असेल तर तहान आहे. बशीत पाणी द्यावे, काही तासांत पाने उठतात. मिश्रण ओले असूनही पाने लोळलेली असतील, तर मुळे कुजली आहेत आणि ती पाणी ओढू शकत नाहीत. अशा वेळी आणखी पाणी दिले तर रोप निश्चित मरते.

कुजलेले रोप ताबडतोब कुंडीबाहेर काढावे. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने खोड खालून पातळ चकत्यांनी कापत वर जावे. कापलेला भाग आतून तपकिरी दिसत असेल तोवर कापत राहावे, आणि स्वच्छ हिरवट-पांढरा गाभा लागला की थांबावे. बाहेरच्या मोठ्या पानांच्या दोन-तीन रांगा काढून मधला लहान भाग ठेवावा, काप तासभर वाळू द्यावा आणि तो जेमतेम ओलसर मिश्रणात बसवून पारदर्शक पिशवीत किंवा डब्यात सावलीतल्या प्रकाशात ठेवावा. साधारण महिन्याभरात नवी मुळे येतात. तपकिरी रंग पार मध्यापर्यंत गेलेला असेल तर रोप वाचत नाही, पण त्याची निरोगी पाने पुढच्या पायरीसाठी वापरता येतात.

किडींपैकी पिठ्या ढेकूण स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने एकेक टिपून काढावेत आणि दर आठवड्याला पुन्हा तपासावे. मुळांवर पांढरी पीठासारखी कीड दिसली तर रोप फेकून द्यावे. पाकळ्यांवर पिवळे परागकण सांडलेले दिसले तर फुलकिडे आले आहेत, अशा वेळी सगळी फुले आणि कळ्या काढून पुढचे सहा ते आठ आठवडे नव्या कळ्याही खुडत राहाव्यात. पावसाळ्यात कुंडीभोवती उडणारी बारीक चिलटे मिश्रण जास्त ओले असल्याचे सांगतात. पानांवर पांढरी भुरी हिवाळ्यात रात्री गारवा आणि दिवसा ऊब असताना येते, ती पुसून हवा खेळती ठेवावी. कडुनिंबाचे तेल वापरायचे असल्यास आधी एका पानावर, संध्याकाळी, अगदी सौम्य प्रमाणात लावून दोन दिवस वाट पाहावी, कारण तेल लवेत अडकले आणि वर प्रकाश पडला की पान करपते.

१०. पानापासून नवे रोप

डिसेंबर-जानेवारी हा यासाठी उत्तम काळ. बाहेरच्या जुन्या आणि मधल्या कोवळ्या पानांमधल्या रांगेतले निरोगी पान देठासह काढावे. देठ साधारण एक ते दीड इंच ठेवून ब्लेडने तिरका काप द्यावा, कापाचा मुख पानाच्या वरच्या बाजूकडे असावा. लहान कपात ओलसर, परलाइट जास्त असलेले मिश्रण भरून देठ अर्धा इंच खोवावा. कप पारदर्शक डब्यात ठेवून झाकण लावावे, आणि झाकणाच्या आत पाण्याचे थेंब दाटले तर ते थोडा वेळ उघडे ठेवावे. पान ग्लासभर पाण्यातही मुळे धरते, मात्र पाण्यातली मुळे नाजूक असल्याने मिश्रणात हलवताना रोप पुन्हा खोळंबते, म्हणून मी सरळ मिश्रणात लावण्याचा सल्ला देते.

तीन-चार आठवड्यांत मुळे येतात. मिश्रणातून पहिली इवली पाने वर दिसायला आणखी एक ते दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. या काळात पान उपटून मुळे तपासू नयेत. पान हलकेच ओढल्यावर अडल्यासारखे वाटले, तर मुळे आहेत. पिल्ले, म्हणजे पानाच्या देठाशी उगवलेली छोटी रोपे, मूळ पानाच्या एक-तृतीयांश आकाराची झाली की ती एकमेकांपासून सोडवून अडीच इंची कुंड्यांत लावावीत. एका पानाला तीन-चार पिल्ले सहज येतात. डिसेंबरमध्ये लावलेल्या पानाची पिल्ले मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये सुटी होतात, म्हणून पहिला उन्हाळा आणि पावसाळा ती घरातल्या सर्वांत थंड, उजेडाच्या कोपऱ्यात काढतील अशी सोय आधीच करून ठेवावी. पहिली फुले पान लावल्यापासून आठ-दहा महिन्यांनी, बहुधा पुढच्या हिवाळ्यात येतात.

पाकळ्यांवर मध्यापासून कडेपर्यंत चाकाच्या आऱ्यांसारखे पट्टे असलेल्या जाती पानापासून तशाच येत नाहीत, त्यांची पिल्ले एकाच रंगाची निघतात. अशा जाती वाढवायच्या असतील तर बगलेतले फुटवे काढून लावावे लागतात. प्रत्येक कपावर जातीचे नाव आणि लावल्याची तारीख पेन्सिलने लिहावी, कारण पेनाची शाई दमट डब्यात पुसली जाते आणि फुले येईपर्यंत सगळी पिल्ले सारखीच दिसतात.